अर्ध्या सेकंदाची हाक

किन्हवली मागे टाकून डोळखांबमार्गे डेहण्याकडे निघाले की सह्याद्रीची भिंत जवळ येत जाते आणि फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून मावळू लागतात. आजोबाच्या डोंगराच्या कुशीत शिरेपर्यंत बऱ्याच फोनवरून कंपनीचे नाव पुसले गेलेले असते आणि त्या जागी तीन शब्द उरतात: ‘फक्त आणीबाणीचे कॉल’. बहुतेक जण ते वाचतात, ‘रेंज गेली’ म्हणतात आणि फोन पिशवीत टाकतात.

ते तीन शब्द जरा थांबून वाचण्यासारखे आहेत. तुमच्या कंपनीचा टॉवर या दरीत पोचत नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा पोचतो आहे, असा त्यांचा अर्थ. त्या कंपनीला तुम्ही आजवर एक रुपयाही दिलेला नाही. तुमचे तिच्याशी काही नाते नाही. तरीही तुम्ही 112 दाबलेत, तर तिचा टॉवर तुमचा आवाज उचलून पुढे पोचवायला तयार आहे. मोबाइलची तांत्रिक मानके ठरली तेव्हाच हा अपवाद त्यांत लिहून ठेवला गेला. एरवी प्रत्येक फोनला ‘तू कोणाचा?’ असे विचारणारी ही सगळी यंत्रणा एवढ्या एका आकड्यासाठी तो प्रश्न बाजूला ठेवते. मला हे फार मोठे वाटते. आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत फिरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ही सोय आपल्या खिशात आहे याची कल्पना नसते, याचे वाईटही वाटते.

‘सेवा नाही’ अशी अक्षरे दिसली तर मात्र खरोखरच कोणाचाही टॉवर नाही. हा फरक डोंगरात जाण्याआधी डोळ्यांत बसलेला बरा.

टॉवर आणि फोन यांना एकमेकांचे साधारण थेट दर्शन लागते. नळीत, घळीत, कातळाच्या पोटात ते मिळत नाही; सोंडेवर, खिंडीत, कड्याच्या माथ्यावर मिळते. म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन कित्येकदा खालच्या कोकणातला टॉवर पकडतो, आणि त्याच कड्याच्या तळाशी, नळीच्या वाटेत अडकलेला माणूस त्या टॉवरला अंतराने जवळ असूनही मुका राहतो. उंचीलाही एक गमतीदार मर्यादा आहे. जुन्या जीएसएम पद्धतीत टॉवर प्रत्येक फोनला बोलायला ठरावीक क्षण देतो. फोनची लहर प्रकाशाच्या वेगाने येते, पण लांबून येताना तिलाही वेळ लागतो. तो वेळ गृहीत धरून पद्धतीत जेवढी सवलत ठेवली आहे ती साधारण 35 किलोमीटरपर्यंत पुरते. त्यापलीकडचा टॉवर माथ्यावरून स्पष्ट दिसला, तरी तुमची हाक त्याच्याकडे दुसऱ्या कोणाच्या वेळेत पोचते आणि वाया जाते.

महाराष्ट्रातून केलेला 112 चा कॉल नवी मुंबईत महापे येथील केंद्रात जातो. तिथे ताण असेल तर नागपूरच्या केंद्रात. तिथून तो जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून जवळच्या ठाण्याकडे. आपल्या या पट्ट्यात ते ठाणे किन्हवलीचे असेल, शहापूरचे, कसाऱ्याचे, टोकावड्याचे किंवा मुरबाडचे. ठाण्यातून फोन जातो तो पोलीस पाटलाला, सरपंचाला, वनखात्याच्या माणसाला, गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना. महाराष्ट्रात अशी पथके आहेत आणि त्यांचे काम थक्क करणारे आहे: लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, नाशिकची वैनतेय, महाबळेश्वर ट्रेकर्स. या सगळ्यांत मेळ राहावा म्हणून गिर्यारोहकांनीच उभे केलेले बचाव समन्वय केंद्रही आहे. या पथकांतले बहुतेक लोक दिवसा दुसरी कामे करतात. कोणी दुकान चालवतो, कोणी शिक्षक आहे, कोणी कारखान्यात पाळी करतो.

आणि या सगळ्यांच्या आधी पोचतात ती पायथ्याच्या गावातली माणसे. बेलपाडा, वाल्हीवरे, देहरी, डेहणे. ज्यांना नळीतला कोणता दगड पावसात निसटतो आणि कोणत्या सोंडेवरून रात्री उतरता येते हे ठाऊक आहे, तीच माणसे बॅटरी आणि दोर घेऊन पुढे होतात. तुम्ही दाबलेले बटण शेवटी याच माणसांच्या पायांपर्यंत जाऊन पोचते. लहरींचा, उपग्रहांचा, केंद्रांचा सगळा चमत्कार मधल्या प्रवासाचा आहे. दोन्ही टोकांना माणूसच आहे.

म्हणून हाक जेवढी अचूक, तेवढे त्यांचे कष्ट आणि त्यांचा धोका कमी. इथे आपल्या खिशातला दुसरा चमत्कार उपयोगी पडतो. फोनमधला जीपीएस रेंजवर अवलंबून नसतो. विमान मोड चालू असला तरी तो बहुतेक फोनवर काम करतो, कारण तो काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत ‘आत्ता इतके वाजले, मी इथे आहे’ एवढेच सांगत असतात. ते सांगणे आपल्यापर्यंत येईतो किती क्षीण झालेले असते? एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भाग. एवढ्याशा कुजबुजीतून फोन चार उपग्रहांच्या वेळांतला फरक वेगळा काढतो आणि त्यावरून आपली जागा ठरवतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा 300 मीटरने चुकते. सह्याद्रीत 300 मीटर म्हणजे कड्याचा माथा की कड्याचा पाय, एवढा फरक.

नकाशाचे कुठलेही अॅप उघडून निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले की दोन आकडे दिसतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत पहिला 19 ने सुरू होतो आणि दुसरा 73 ने. खरी माहिती दशांश चिन्हाच्या पुढे आहे. पुढचा पहिला अंक जागा सुमारे 11 किलोमीटरपर्यंत आणतो, तिसरा 110 मीटरपर्यंत, चौथा 11 मीटरपर्यंत, पाचवा जवळजवळ एका पावलापर्यंत. म्हणून फोनवर सांगताना निदान चार अंक सांगावेत, आणि समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यावेत. व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायला इंटरनेट लागते; दरीत ते बहुधा नसते. तेच दोन आकडे साध्या एसएमएसमध्ये लिहिले तर ते जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. कॉलला सलग रेंज लागते, एसएमएसला आपल्या कंपनीच्या रेंजची क्षणभराची झुळूक पुरते, आणि नाहीच गेला तर पुन्हा पाठवता येतो.

सांदणसारख्या घळीत मात्र हेही अडते. साम्रदहून उतरणारी ती दरी पुढे आपल्या शहापूर तालुक्यात, डेहण्याच्या बाजूला उघडते. आत दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि वर आकाशाची चिंधी. चार उपग्रह दिसायला आकाशच पुरत नाही. जे दिसतात त्यांची लहर कातळावर आपटून लांबच्या वाटेने येते आणि फोन फसतो. ठिपका कधी माथ्यावर दाखवतो, कधी पलीकडच्या रानात. तिथे आकड्यांच्या जोडीला तोंडी खूण सांगणे भाग आहे: पाण्याचा दुसरा टप्पा ओलांडल्यावर, डाव्या हाताच्या मोठ्या धोंड्याखाली. गावातल्या माणसाला ती खूण आकड्यांहून जास्त कळते.

आता ज्या यंत्रासाठी हा सगळा विषय मला विलक्षण वाटतो, त्याकडे येतो. जगभर विमाने, जहाजे आणि दुर्गम डोंगरांत जाणारी माणसे मुठीत मावेल असा एक संकट-बीकन जवळ ठेवतात. तो चालू केला की दर 50 सेकंदांनी साधारण अर्धा सेकंद, 5 वॅट ताकदीने, 406 मेगाहर्ट्झवर हाक जाते. अर्ध्या सेकंदात तो आपला ओळख-क्रमांक सांगतो, जमल्यास जागा सांगतो आणि गप्प बसतो. पुन्हा 50 सेकंदांनी तेच. निदान 24 तास. ही हाक ऐकण्यासाठी अवकाशात उपग्रहांची आख्खी रांग कान लावून फिरते आहे.

या व्यवस्थेचे मूळ 1957 च्या ऑक्टोबरमध्ये आहे. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि त्याची ‘बीप-बीप’ जगाने ऐकली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञही ऐकत होते. त्यांच्या लक्षात आले की बीपची पट्टी स्थिर नाही. आसनगावच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या मेलची शिटी येताना चढी वाटते आणि पुढे जाताच उतरते, तसेच इथेही होते आहे. पट्टी नेमकी कधी उतरली आणि किती झपाट्याने उतरली, एवढ्यावरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठांनी, फ्रँक मॅक्लूर यांनी, प्रश्न उलटा केला. जमिनीवर बसून उपग्रह सापडतो, तर उपग्रहाची कक्षा ठाऊक असताना जमिनीवरची जागा का सापडू नये?

सापडते. सुमारे 850 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा उपग्रह बीकनची पट्टी ऐकतो. ती मूळ पट्टीला आली तो क्षण म्हणजे बीकन उपग्रहाच्या अगदी बाजूला होता तो क्षण. पट्टी झरकन उतरली तर बीकन वाटेच्या जवळ. सावकाश उतरली तर लांब. डावीकडे की उजवीकडे, एवढी शंका उरते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने दोन्ही बाजूंच्या नोंदींत बारीकसा फरक पडतो आणि त्यावरून, किंवा पुढच्या फेरीत, तीही फिटते. हाक मारणाऱ्याला आपण कुठे आहोत हे स्वतःलाच ठाऊक नसले तरी त्याच्या आवाजाच्या चढउतारातून त्याची जागा कळते. मला यात गणिताइतकीच दयाही दिसते.

1979 मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी लेनिनग्राडला या कामाचा करार केला. कोस्पास-सारसॅट हे त्या व्यवस्थेचे नाव. 1982 च्या जूनअखेर पहिला सोव्हिएत उपग्रह वर गेला, आणि सप्टेंबरात त्याने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगराळ रानात कोसळलेल्या एका छोट्या विमानाची हाक ऐकली. तीन माणसे वाचली. अण्वस्त्रे एकमेकांवर रोखून बसलेल्या दोन गटांपैकी एकाच्या उपग्रहाने दुसऱ्याची माणसे शोधून दिली. तेव्हापासून आजवर या व्यवस्थेमुळे जगभरात 60 हजारांहून अधिक जीव वाचले आहेत.

यात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बंगळुरूत इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात भारतीय मोहीम नियंत्रण केंद्र आहे. हाक उतरवून घेणारी स्थानके बंगळुरूला आणि लखनौला आहेत. भारताबरोबरच बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, सेशेल्स, श्रीलंका आणि टांझानिया या सात देशांच्या हाका हे केंद्र ऐकते. इन्सॅट मालिकेतल्या काही उपग्रहांवर, जसे 2003 चा इन्सॅट-3ए आणि 2013 चा इन्सॅट-3डी, 406 मेगाहर्ट्झ ऐकणारी उपकरणे बसवली गेली. हे उपग्रह पृथ्वीवरून पाहता एका जागी स्थिर असतात. म्हणून ते हाक ताबडतोब ऐकतात. पण स्थिर असल्यामुळेच त्यांना पट्टीचा चढउतार मिळत नाही, आणि बीकनने स्वतः जागा सांगितली नाही तर ती कळत नाही. धावणाऱ्याला जागा कळते पण तो उशिरा येतो. स्थिराला लगेच ऐकू येते पण जागा कळत नाही. आता जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास यांच्या 20 हजार किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवरही कान बसवल्यामुळे ही अडचण बरीचशी संपली आहे. गॅलिलिओ तर 2020 पासून योग्य त्या बीकनला ‘हाक पोचली’ असा उलटा निरोपही देतो. एकट्या, जखमी माणसाला त्या निरोपाने किती बळ येत असेल!

पण याच व्यवस्थेचे मोठे दुखणे खोट्या हाकांचे आहे. सुरुवातीची बीकने 121.5 मेगाहर्ट्झवर नुसताच आवाज करत. कोण बोलतो आहे हे कळायची सोय नव्हती. त्याच लहरीवर इतर यंत्रांचाही गोंगाट होई. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात शोधपथक उपग्रहाने दाखवलेल्या जागी पोचले, तर दार उघडले एका विद्यार्थ्याने. संकटाची हाक देत होता त्याचा टीव्ही. त्यातला एखादा भाग बिघडून नेमक्या त्या लहरीवर बोलत होता. 2009 च्या फेब्रुवारीपासून उपग्रहांनी 121.5 ऐकणे सोडले. 406 च्या बीकनला ओळख-क्रमांक असतो, पण त्याचा उपयोग मालकाने नाव, फोन आणि घरच्यांचा संपर्क नोंदवला असेल तरच. नोंद असेल तर केंद्रातला माणूस आधी घरी फोन करतो. ‘अहो, तो इथेच आहे, पिशवी आवरताना बटण दाबले गेले असेल,’ एवढे उत्तर मिळाले की हेलिकॉप्टर जमिनीवरच राहते. आजही जगभर येणाऱ्या बीकनच्या हाकांत बहुसंख्य हाका चुकून निघालेल्या असतात. फोनवरच्या एका वाक्यात त्या मिटतात, ते या नोंदणीमुळे.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून चांगली माणसे अडचणीत आली आहेत. परदेशात ट्रेकर्स सर्रास वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे आणि थुराया, इरिडियमसारखे उपग्रह फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या आधाराने ही बंदी आली, आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर तिची अंमलबजावणी कडक झाली. 2024 मध्ये अशी यंत्रे जवळ असल्यामुळे परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या. अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या भाच्याने प्रेमाने आणलेले असे यंत्र घेऊन कोणी माहुलीचा किल्ला चढू नये. माझ्या मते ही बंदी गिर्यारोहकांसाठी तरी सैल व्हायला हवी. नोंदणीकृत बीकनसाठी सोपा परवाना आणि बचाव पथकांना प्राधान्य दिले, तर सुरक्षेचा प्रश्न न वाढता माणसे वाचतील. पण आज कायदा आहे तो असा आहे.

मग रेंज नसलेल्या नळीत उरते काय? उरते ते फार जुने आणि फार चांगले आहे.

शिटी घ्या. माणूस ओरडत राहिला तर थोड्या वेळात घसा बसतो. शिटी तासन्‌तास वाजवता येते. चांगली शिटी दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास वाजते आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो त्याच पट्टीत. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो. शिटी आपली सगळी ताकद एका अरुंद पट्टीत ओतते, म्हणून त्या गदारोळातूनही वर येते. एक उणीव मात्र आहे. सलग, एकसुरी शिटी कुठून येते हे कानाला नीट ठरवता येत नाही, आणि कोकणकड्यासारख्या आत वळलेल्या कातळापुढे प्रतिध्वनी भलतीकडूनच येतो. तुटक फुंकले की ऐकणाऱ्याला प्रत्येक सुरुवातीचा क्षण मिळतो आणि दिशा ठरवायला मदत होते. लंडनच्या अल्पाइन क्लबने 1894 मध्ये घातलेली रीत आजही चालते: एका मिनिटात सहा वेळा खूण, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांचे. शिटीने करा, बॅटरीने करा, आरशाने करा, आकडा तोच. मधले शांत मिनिट सहा शिट्यांइतकेच मोलाचे आहे, कारण उत्तर त्याच मिनिटात ऐकू येते.

आरशाची गोष्ट तर आपल्या घराजवळची आहे. 1869 मध्ये हेन्री मान्स नावाच्या तारखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, सूर्यकिरण परतवून संदेश पाठवणारे हेलिओग्राफ हे यंत्र बनवले. पन्नास-पन्नास किलोमीटरवर त्याने मोर्स भाषेत बोलता येई. तळहाताएवढा आरसा हे कसे करतो? आकाशात सूर्याची थाळी साधारण अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून सपाट आरशाने परतवलेला झोतही अर्ध्या अंशानेच पसरतो. दहा किलोमीटरवर तो झोत सुमारे 90 मीटर रुंद असतो, आणि त्या 90 मीटरांत उभ्या असलेल्या प्रत्येकाला क्षणभर आरशाच्या जागी सूर्य दिसतो. वीज नाही, बॅटरी नाही, परवाना नाही. आरसा डोळ्याजवळ धरायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटे पसरून त्यांच्या बेचक्यात लांबचे गाव किंवा माणूस धरायचा, आणि कवडसा त्या बोटांवर हलवायचा. जून ते सप्टेंबर ढगांत हा उपाय निकामी, तेव्हा शिटी.

हाक केव्हा मारावी? पाय मुरगळला आहे पण टेकत टेकत चालता येते, चार जण सोबत आहेत, उजेड आहे, पाणी आहे: तर उतरावे. हाड मोडले आहे, डोक्याला मार आहे, श्वास लागतो आहे, सापाने दंश केला आहे, कड्यात पुढेही जाता येत नाही आणि मागेही: तर क्षणभरही लाजू नये. वाट चुकलेली असताना बरेच जण संकोचाने थांबतात. आणखी थोडे शोधू, मग सांगू, असे म्हणता म्हणता अंधार पडतो आणि बॅटरी सात टक्क्यांवर येते. मला खोट्या हाकेइतकीच ही उशिराची हाक वाईट वाटते. संध्याकाळी चारला सांगितले तर पथक उजेडात निघते. रात्री नऊला सांगितले तर त्याच पथकाला ओल्या कातळावर बॅटरीच्या उजेडात चढावे लागते. 2018 च्या नोव्हेंबरात कल्याणकडची एक तुकडी कोकणकडा दोराने उतरताना अंधारात अडकली. रात्र कड्यातच काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी ती सुखरूप बाहेर आली. थांबणे, जागा न सोडणे, उजेडाची वाट पाहणे हेही बचावाचेच काम आहे.

2022 च्या मे महिन्यात लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एक तरुण एकटा वाट चुकला. त्याने फोन करून तसे कळवले. मग फोन बंद झाला. मोठा शोध झाला, आणि चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. फोन लागला आहे तोवर काय बोलायचे, हे आधी ठरलेले असणे किती महत्त्वाचे आहे हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या वाक्यात जागेचे आकडे. दुसऱ्यात काय झाले आणि किती जण आहेत. तिसऱ्यात, आता आम्ही इथून हलणार नाही. मग फोन विमान मोडवर टाकायचा आणि ठरवलेल्या वेळी, समजा दर तासाच्या ठोक्याला, पाच मिनिटे चालू करायचा. कारण रेंज शोधणारा फोन सतत टॉवर धुंडाळत राहतो आणि स्वतःची बॅटरी खाऊन टाकतो. चार मित्र असतील तर तीन फोन बंद आणि एक चालू.

2016 च्या नियमाने आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचे बटण सक्तीचे झाले: साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा, काही फोनवर पाचदा. आपल्या फोनवर नेमके काय आहे ते घरी, सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. खरा कॉल लावून चाचणी करू नये. आणि पिशवीत दाबले जाऊन चुकून लागलाच, तर घाबरून कापू नये. चूक झाली, सगळे ठीक आहे, असे बोलून मगच ठेवावा. अर्धवट तुटलेला कॉल म्हणजे पलीकडे बसलेल्याला पडलेले कोडे असते.

या सगळ्या यंत्रांहून मोलाचे एक साधन फुकट आहे. 30 जुलै 2014 रोजी, मुरबाडच्या वरच्या घाटमाथ्यापलीकडे आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. हाक मारायच्या स्थितीत गावात फारसे कोणी उरले नव्हते. जगाला कळले ते सकाळी नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे: गाव जिथे असायला हवे होते तिथे चिखल होता. रोज त्या वेळी तिथे येणारा माणूस होता, म्हणून गाव नाहीसे झाल्याचे कळले. डोंगरात निघताना असा एक माणूस आपल्यामागे ठेवून जायचे असते. कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचे, हे त्याच्याजवळ कागदावर लिहून द्यायचे. पायथ्याच्या गावात जिथे गाडी लावतो, चहा घेतो, तिथल्या मावशींना किंवा काकांनाही सांगून चढायचे. फोन फुटला, बॅटरी संपली, माणूस बेशुद्ध पडला, तरी ही हाक ठरल्या वेळी आपोआप निघते.

तिलाही रद्द करावे लागते, आणि ते विसरणारे फार आहेत. उशीर झाला पण सगळे नीट उतरले, भूक लागली, कोणी सरळगावच्या फाट्यावर जेवायला बसले, कोणी गाडीत झोपी गेले. इकडे घरच्यांनी कळवलेले असते आणि गावातली चार-सहा माणसे नळीत शिरलेली असतात. म्हणून रेंज येताच पहिला फोन घरी, दुसरा 112 ला किंवा ज्या ठाण्याला कळवले होते तिथे, तिसरा गावात. बटण दाबल्यावर आपणच सावरून उतरलो असलो तरीही. कारण शोधायला गेलेल्यांच्या फोनवरही त्या नळीत ‘सेवा नाही’ हीच अक्षरे असतात, आणि त्यांना परत बोलवायला गावातून आणखी कोणालातरी बॅटरी घेऊन त्यांच्यामागे चढावे लागते.